दादाची बाजू

पाइपलाइनवर मोठ्या पाइपाला दोन वेल्डर लागतात. एक या बाजूने, एक त्या बाजूने. दोघेही माथ्यावर सुरुवात करतात आणि तळाशी भेटतात. दादा डावरा, मी उजवा, त्यामुळे आमची जोडी आपसूक जमली होती. परीक्षासुद्धा जोडीनेच दिली होती. मग एका दुपारी जेवता जेवता दादाच्या छातीत कळ आली आणि तो गेला. साइटवरून निरोप आला: आता अख्खा पाइप एकट्याने जोडून दाखव, नाहीतर घरी बस. घरात वहिनी, तिच्या दोन मुली, आणि कमावता मी एकटा.

सरावाच्या शेडमध्ये माझी बाजू मी डोळे झाकून करायचो. पण तळाशी पोचलो की हेल्मेट वर करून थांबायचो. पलीकडून दादाचं "झालं रे" आल्याशिवाय मी कधी उठलोच नव्हतो. इतक्या वर्षांची खोड, अशी थोडीच जाते.

शेडचे मास्तर तोंडाने फटकळ. "कोणाची वाट बघतोयस? उरलेलं काय तुझा भाऊ येऊन करणार आहे?"

कोणीतरी त्यांच्या कानाला लागलं. मास्तरांचा चेहरा उतरला. मग ते स्वतःच माझ्याशेजारी उकिडवे बसले. "ती बाजू डाव्या हाताने करून बघ," हळूच म्हणाले.

आधी जोडाचा नुसता चिखल झाला. हाताला चटके बसले, मास्तरांच्या शिव्या परत सुरू झाल्या, पण हात वळत गेला. एके दिवशी थंड झालेल्या जोडावरून बोट फिरवलं तर तो हुबेहूब दादाचा हात. मी नळावर जाऊन पोटभर रडलो.

परीक्षेच्या दिवशी मी अख्खा पाइप एकट्याने जोडला, आणि परीक्षकाने दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कापून यंत्रात वाकवल्या. जोडाला चीर गेली की नापास. दादाच्या बाजूची पट्टी वाकताना, खोटं कशाला बोलू, ती तडकावी असं मला क्षणभर वाटलं. ती तडकली नाही.

घरी वहिनी भाजी निवडत होती. पास झालो म्हटल्यावर मुलींनी उड्या मारल्या.

"त्यांची बाजूसुद्धा जमली?" वहिनीने विचारलं.

"जमली."

"बरं झालं, भावजी." तिने हातातली जुडी खाली ठेवली. "म्हणजे आता त्यांच्यावाचून काही अडत नाही."

अडतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण पास झाल्याचं आत्ता मीच तर सांगितलं होतं.