खारबांधावरचा पुतुतु

गोष्ट १९३६ सालची, भात कापणीला आलं होतं तेव्हाची. मित्रांनो, मी एक जुना शंख आहे, पण देव्हाऱ्यातला नव्हे! माझा जन्म पृथ्वीच्या पार पलीकडच्या उबदार समुद्रातला. तिथून माणसांनी मला पेरू देशाच्या उंच डोंगरांत नेलं. तिथले केचुआ लोक मला पुतुतु म्हणत. सातुका आजीने मला फुंकलं, की सारा गाव माळावर जमायचा आणि प्रत्येकाचं बोलून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. याला ते आयनी म्हणत. आणखी एक गंमत सांगायची ती आजी! होऊन गेलेलं ते माणसाच्या समोर, कारण ते दिसतं. यायचं आहे ते पाठीमागे, कारण ते कुणाला दिसत नाही.

माणसं एकत्र येतात, हे तिथल्या जमीनदाराला खुपलं. त्याने माझ्यावर बंदी घातली. मग आजीचा नातू मला झोळीत लपवून बंदरावर हमालीला गेला. तिथे तो तापाने फणफणला, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा खलाशी नुरुद्दीन त्याच्या उशाशी बसून राहिला. बरं वाटल्यावर नातवाने मला नुरुद्दीनच्या हाती ठेवलं आणि म्हणाला, "आयनी."

नुरुद्दीनने मला आपल्या गावी आणून घरच्या कोनाड्यात ठेवलं. तिथे खाडीकाठी दोन वाड्या होत्या, एक मुसलमानांची, एक कुणब्यांची. खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध मात्र दोघांचा एकच. दर वर्षी दोन्ही वाड्या सावडीने, म्हणजे एकमेकांच्या हाताला हात लावून, तो लिंपायच्या. हे ऐकून मी कोनाड्यात शहारलो. अरे, ही तर आयनीच!

पण त्या वर्षी निवडणूक आली. तेव्हा नियमच असा, की हिंदूंनी आपला उमेदवार वेगळा निवडायचा, मुसलमानांनी वेगळा, म्हणून सभाही वेगळ्या. पुढाऱ्यांनी दोन्हीकडे एकच सांगितलं, "बांध त्यांनी बांधावा, तुम्ही का राबता?" बांध तसाच राहिला.

आश्विनातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि बांध एका जागी फुटून खांड पडली. कुणबीवाडीतल्या मनुबाईचं शेत बांधाला अगदी लागून. ती नुरुद्दीनकडे धावतच आली.

"नुरूभाई, खांड पडली! अजून न्हान हाय. रातच्या भरतीला समदं भात जाईल. वाडीत कुनी उठंना!"

नुरुद्दीन मला घेऊन बांधावर चढला आणि छाती भरून त्याने मला फुंकलं. किती वर्षांनी! माझा आवाज खाडीपार गेला.

कुणबीवाडीतून तुळशीराम काठी घेऊन आला. मागे सगळी वाडी. "देवाचा शंख तू उष्टावलास?"

पलीकडून अलीमियाँ ओरडतच आले. मागे त्यांची वाडी. "मियाँ, मुसलमान होऊन शंख फुंकतोस? डोकं फिरलं काय?"

दोघेही त्याला झापायला आले होते. पण आले होते! खांडीतून पाणी खळाळत होतं. दोघांचीही नजर तिकडे वळली.

मनुबाईने चिखलाचं ढेकूळ उचललं. "भांडायचं तर भांडा, पन हात रिकामे नकोत!"

मित्रांनो, काय ती धांदल! ओहोटीत पेंढा, गवत, चिखल हातोहात फिरला. तुळशीराम शिव्या देत ढेकूळ पुढे करी, अलीमियाँ शिव्या देत ते लावीत. भरती आली, बांधाला धडकली आणि मागे फिरली!

पुढे तुळशीराम म्हातारा होईपर्यंत बांधाची राखण करत राहिला. अलीमियाँ धंद्यासाठी आफ्रिकेत गेले, तिथेच स्थायिक झाले, पण सावडीच्या दिवसांत घरी निरोप धाडत, "माझ्या वाटचा माणूस पाठवा." मनुबाईला मताचा हक्क नव्हता, बांधावर मात्र पहिला शब्द तिचाच असे. नुरुद्दीनने शेवटी मला मनुबाईच्या हाती ठेवलं, आता तो खाडीकाठच्या कबरस्तानात निजला आहे. सातुकाच्या नातवाचं काय झालं, ठाऊक नाही. पण त्याचा हात अजून माझ्या समोर आहे.

मी आता मनुबाईच्या नातीच्या खिडकीत असतो. मुलं मला कानाला लावून समुद्र ऐकतात. मुलांनो, मला कानाला नको, ओठांना लावा. आणि माझ्या हाकेला कुणी रागावून आला, तरी त्याला बांधावर जागा द्या.