नाव बदललेली आई

तुरुंगातून सुटल्यावर लेक परत मिळावी म्हणून ती बालकल्याण कचेरीत आली. अधिकारीणबाईंनी एक प्रबंध उघडून वाचलं, "बाळ रडायचं थांबेना, तेव्हा त्याला आपटावंसं वाटलं."

हे तिने फक्त तुरुंगात बाळंतिणींचा अभ्यास करायला आलेल्या संशोधक ताईंना सांगितलं होतं. "नाव बदलते गं, निर्धास्त बोल," म्हणाल्या होत्या.

"नाव दुसरंच आहे की," ती म्हणाली.

"पण 'कृष्णवर्णीय बाळंतीण' लिहिलंय. तुरुंगातल्या त्या सगळ्या गोऱ्या बायकांत काळी बाळंतीण तू एकटीच होतीस ना?"

"आपटलं नाही, छातीशी धरून बसले, हेही सांगितलं होतं. ते वाचा ना!"

बाईंनी पुढची पानं चाळली.

"ते नाहीये. शेवटी तुझे आभार मानलेत फक्त," म्हणत त्यांनी अर्जावर नकाराचा शिक्का मारला.