उंचीचा तक्ता

सातव्या मजल्याच्या कठड्याला टेकून मिस्त्रींनी मनगटावर दोन बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहत पंधरा सेकंद मोजले. ठोके आले तेहतीस. चाराने गुणून त्यांनी आकडा खिशातल्या वहीत लिहिला, खांदे उडवून पाठीवरची बॅग नीट बसवली आणि आठव्या मजल्याकडे पाय उचलला. तेवढ्यात खालून सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले.

"मिस्त्री, खरं सांगा," ते म्हणाले. पुढचे वाक्य येण्याआधी त्यांना तीन श्वास घ्यावे लागले. "लिफ्टला काय झालंय?"

"काही नाही."

"मग तुम्ही जिन्याने का?"

"तयारी करतोय. महादेवाच्या यात्रेला जायचंय. साडेसोळा हजार फुटांवर खिंड आहे."

"ते उत्तमच. पण लिफ्टला काय झालंय?"

इमारतीतली ही लिफ्ट बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बसवली होती, आणि निवृत्त होईपर्यंत तिची देखभालही त्यांच्याकडेच होती. तिसऱ्या मजल्यावर राहणारा हा माणूस जोवर लिफ्टने ये-जा करत होता, तोवर कुणी तिचा विचारही केला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी तो पाठीवर ओझे घेऊन जिना चढू-उतरू लागला आणि इमारतीने आपला निष्कर्ष काढला. ज्याने ती बसवली तोच तिच्यात पाऊल ठेवत नाही, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार. आणि ठाऊक असून तो सांगत नाही, म्हणजे ते भयंकरच असणार. पाचव्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचा पट्टा दोन भोके आत गेला होता. सातव्या मजल्यावरच्या नवराबायकोची भांडणे बंद झाली होती, कारण घरी पोचेपर्यंत दोघांच्याही छातीत दम उरत नसे.

"मी नोटीसही लावली," सेक्रेटरी म्हणाले. "'लिफ्ट पूर्णपणे सुरक्षित आहे.' ती वाचून उरलेसुरलेही घाबरले. तुम्ही एकदा सगळ्यांसमोर बसून दाखवा ना."

"यात्रा झाली की बसतो."

"आणि परत नाही आलात तर?" बोलून गेल्यावर सेक्रेटरींनी जीभ चावली. "म्हणजे, मी आपलं लिफ्टच्या दृष्टीने विचारलं."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि ते वर निघाले. त्यांनी हिशेब मांडला होता. खिंडीचा शेवटचा चढ सहाशे मीटरचा. तळमजल्यापासून आठव्यापर्यंत चोवीस मीटर. म्हणजे पंचवीस फेऱ्या. आज बारावी चालू होती.

घरी येऊन त्यांनी बॅग उतरवली आणि ताणकाट्याला लावून पाहिली. बरोबर आठ किलो. यात्रेच्या पुस्तिकेत 'पाठीवर आठ किलो वजन घेऊन सराव करावा' असे छापले होते, आणि छापलेल्या आकड्याशी मिस्त्रींनी जन्मात कधी घासाघीस केली नव्हती. बॅगेत पान्यांचा जुना संच होता, एक हातोडी होती, पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि बायकोचे, अजून जमिनीला न लागलेले, डोंगरात चालायचे बूट होते. वजनाला घरात दुसरे काही नव्हते अशातला भाग नाही.

यात्रा तिनेच काढली होती. दाताच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत तिने एका मासिकात तलावाचे चित्र पाहिले, आणि आठवड्याभरात दोन फॉर्म घरात आले. 'जोडीदार' या रकान्यात त्यांच्या फॉर्मवर तिने स्वतःचे नाव घातले, स्वतःच्या फॉर्मवर त्यांचे. बूट आले, काठ्या आल्या, कानटोप्या आल्या. "सोमवारपासून जिना," तिने जाहीर केले. "आणि तुमची ती लाडकी लिफ्ट बंद." त्या सोमवारच्या अलीकडच्या शुक्रवारी ती ओट्याशी काम करता करता खाली बसली, आणि उठली नाही. त्याला चौदा महिने झाले होते. मिस्त्रींना तो सोमवार सापडायला एवढा वेळ लागला, इतकेच.

टेबलावर तक्ता पडला होता. यात्रा कार्यालयाने पाठवलेला एकच कागद, वर ठळक अक्षरात 'उंचीचा तक्ता'. डावीकडे पाच प्रश्न, समोर सात दिवसांचे सात रकाने, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. डोंगरात हाच तक्ता रोज संध्याकाळी भरायचा असतो. विरळ हवा कुणाला लागते आहे ते त्यावरून कळते. पण आधी तो सात दिवस घरी भरून द्यायचा होता. खाली बारीक अक्षरात सूचना होत्या. मिस्त्रींना त्या पाठ झाल्या होत्या.

'प्रश्न दुसऱ्या व्यक्तीने विचारावेत व सही करावी. स्वतः स्वतःला विचारलेले धरले जाणार नाही. बेरीज पाचच्या वर गेल्यास पुढे चढू नये. खाली उतरावे. एकट्याने उतरू नये.'

त्यांनी कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज उत्साही होता.

"जोडीदाराचं नाव बदलायचंय? हरकत नाही काका, वर आम्ही देऊ कुणीतरी. पण घरचा तक्ता घरच्या माणसानेच भरायचा हं. तुम्हाला रोज बघणारं कुणीतरी."

"स्वतः भरला तर?"

"नाही चालत. वर गेल्यावर माणसाला आपल्याला काय होतंय तेच कळत नाही. अगदी चालायचं थांबलेलं असतं, तरी म्हणतात मी ठणठणीत आहे."

"आणि घरीच बेरीज पाचच्या वर गेली तर?"

मुलगी हसली. "घरी कशी जाईल काका? गेली तर मग यंदा नाही पाठवत. पण पुढच्या शनिवारपर्यंत तक्ता आला पाहिजे हं. नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला जाईल."

पुढचा शनिवार म्हणजे बरोबर सात दिवस. मिस्त्रींनी पेन्सिल उचलली. सही ठोकून देणे अवघड नव्हते. त्यांच्या धंद्यात प्रत्येक लिफ्टच्या मशीन रूममध्ये एक कार्ड टांगलेले असते, त्यावर दर महिन्याला तपासणीची तारीख आणि सही. त्यांचे सोबती कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत वर्षाची बारा कार्डे एका बैठकीत भरत. मिस्त्री अडतीस वर्षे शेवटची शिडी चढून, दोरांवर हात फिरवून, मगच सही करत आले होते. यामुळे त्यांना बढती मिळाली नाही, पण गुडघे मजबूत राहिले.

पेन्सिल खिशात टाकून त्यांनी बॅग पुन्हा पाठीवर घेतली. बॅगेच्या वरच्या कप्प्यात तक्ता घडी करून ठेवला. का ते त्यांना सांगता आले नसते.

सहाव्या मजल्यावर साखळी लावलेले एक दार चार बोटे उघडले.

"तेरावी," आतून आवाज आला.

मिस्त्री थांबले. "काय?"

"फेरी. मी मोजतेय. काल बावीस केल्यात. परवा सतरावरच कंटाळलात."

या ऑपरेटरबाई. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आता एकट्याच राहत. साखळी निघाली. बाई काठी टेकत उंबऱ्याशी आल्या, आणि त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या फळीवर ओळीने मांडलेले रिकामे डबे मिस्त्रींना दिसले.

"मिस्त्री, एक विचारू? ती लिफ्ट दुरुस्त कधी होणार?"

"बाई, ती बिघडलेलीच नाही."

"मला नका सांगू. चाळीस वर्षं लोकांना 'लाईन बिझी आहे' सांगितलंय मी. खरं काय आणि बोलायचं काय, ते मला कळतं." त्यांनी काठीने गुडघ्याकडे बोट केल्यासारखे केले. "हा बघताय ना? जिन्याने खाली गेले तर वर यायची नाही. नऊ दिवस झाले, मी दाराबाहेर नाही. म्हटलं, मिस्त्री चढायचे थांबले की समजायचं, झाली दुरुस्त."

मिस्त्रींनी एकदा त्या काठीकडे पाहिले, एकदा डब्यांकडे. मग बॅग उतरवून भिंतीशी ठेवली, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून तक्ता काढला.

"हे माझ्या तयारीमुळे झालं," ते म्हणाले. "हा बघा. यात्रेचा कागद. खोटं नाही बोलत."

बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. बारीक अक्षरांसकट.

"सही कोण करणार?"

"तेच तर नाही."

"द्या ती पेन्सिल." त्यांनी दाराच्या चौकटीला खांदा टेकला, घसा साफ केला, आणि त्यांचा आवाज बदलला. तो कोरडा, स्वच्छ, सगळ्या जगाशी सारखाच वागणारा झाला. "बोला. डोकं दुखतं?"

"थोडंसं. एक लिहा."

"कधीपासून?"

तक्त्यात हा प्रश्न नव्हता. मिस्त्रींनी तरी हिशेब केला. "चौदा महिने."

पेन्सिल क्षणभर थांबली, मग चालली. "जेवण जातं?"

"जातं की."

"शेवटचं काय जेवलात?"

"बिस्किटं."

"कधी?"

"काल."

"कालची बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे मिस्त्री, ती आठवण झाली. दोन. झोप?"

"लागते. पहाटे पहाटे."

"दोन. थकवा?"

"तो चढल्यामुळे येतो."

"चढायला तीन आठवडे झाले. त्याआधी?"

मिस्त्रींनी एक बोट वर केले. बाईंनी एक लिहिले.

"गरगरतं का?"

"नाही. जिन्यात कधीच नाही."

"आणि घरात?"

खाली कुणीतरी जिना चढत होते. पावलांचा आवाज एका मजल्यावर थांबला, दार वाजले, बंद झाले.

"कधीकधी," मिस्त्री म्हणाले. "बाहेरून येऊन दार उघडलं की. क्षणभरच."

"एक." बाईंनी बेरीज केली. मग पेन्सिलच्या टोकाने पुन्हा एकेक आकडा टिपत परत केली. नंतर त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.

"मिस्त्री, या कागदाप्रमाणे तुम्ही आत्ताच सोळा हजार फुटांवर आहात."

"किती झाले?"

"सात."

घरीच पाचच्या पुढे गेलेल्याला यात्रेलाच पाठवत नाहीत, हे कागदावर नव्हते. ते फक्त फोनवरच्या मुलीने सांगितले होते. पण चाळीस वर्षे तारेपलीकडचे चेहरे ओळखणाऱ्या बाईला समोरचा चेहरा अवघड नव्हता.

"जाऊ देत नाहीत का?"

"यंदा नाही."

बाईंनी पेन्सिल उलटी धरली. मागे रबर होते. "शून्य करते. माझं काय जातंय? मी तुम्हाला विचारलं, तुम्ही ठणठणीत म्हणालात, मी सही केली. डोंगर काय विचारायला येणार आहे?"

मिस्त्रींची नजर भिंतीशी टेकलेल्या बॅगेकडे गेली. चेन अर्धवट उघडी राहिली होती आणि बुटाची एक नाडी बाहेर लोंबत होती. कोरी करकरीत, गाठ न पडलेली. त्यांनी वाकून ती आत सरकवली, चेन लावली. उठायला त्यांना जरा वेळ लागला.

"आलेत तेच राहू द्या," ते म्हणाले. "सही करा."

बाईंनी सही केली. जुन्या पद्धतीची, वळणदार, खाली रेघ मारून. मग त्यांनी कागद परत न देता बारीक अक्षरांवर बोट ठेवले.

"यात पुढे लिहिलंय. 'खाली उतरावे.'"

"वाचलंय."

"'एकट्याने उतरू नये.'" त्यांनी दारामागची पर्स खांद्याला अडकवली, दार ओढून घेतले आणि काठी दुसऱ्या हातात घेतली. "मलाही नऊ दिवसांपासून उतरायचंय."

मिस्त्री तीन आठवड्यांत पहिल्यांदा लिफ्टच्या दाराशी गेले. बटण दाबले. वर कुठेतरी चाक फिरू लागले. त्यांनी मान तिरकी करून ऐकले, सवयीने. काही खटकले नाही. दार उघडल्यावर ते आधी आत गेले, दोन्ही पायांवर भार टाकून उभे राहिले, आणि मग त्यांनी हात पुढे केला. बाई आत आल्या. पाचव्या मजल्यावर, चालू लिफ्टचा आवाज ऐकून कुणीतरी बटण दाबले, आणि ती थांबली. बँकवाल्यांनी आत पाहिले, मिस्त्रींना ओळखले, आणि पट्टा सावरत न बोलता आत आले. चौथ्यावर आणखी दोघे. तळमजल्यावर सेक्रेटरी उभे होते. लिफ्ट उघडली तेव्हा त्यांनी हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आले नसते.

सगळे पांगल्यावर बाई फाटकापाशी थांबल्या आणि उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बॅग वरच राहिली," मिस्त्री म्हणाले.

"राहू द्या. उद्या घ्या, उत्तरं द्यायला याल तेव्हा."

"आता कशाला, बाई? यंदाचं तर गेलं."

बाईंनी घडी केलेला तक्ता आपल्या पर्समध्ये टाकला आणि पर्स बंद केली.

"सात रकाने आहेत," त्या म्हणाल्या. "एकच भरलाय. लिफ्टचं कार्ड तुम्ही कधी अर्धं सोडलंत?"

खिशात हात घालून मिस्त्रींनी पेन्सिल शोधली. ती बाईंकडेच राहिली होती. मग ते रस्त्याच्या बाजूने, बाईंच्या काठीच्या वेगाने चालू लागले.

"जेवायला कुठे चांगलं मिळतं इथं?" थोड्या वेळाने मिस्त्रींनी विचारले.