हिंमतची बकरी

"बाई, हे पुस्तक आजपासून बंद!" हिंमतरावांनी भर सभेत पुस्तक टेबलावर आपटलं. शाळा समितीच्या अध्यक्षाचा हात तो. कपातला चहा हिंदकळला.

ओघळ पुस्तकापर्यंत पोचायच्या आत रेणुकाबाईंनी तो पदराने टिपला. निवृत्त झाल्या तरी समितीवर त्यांचं नाव होतं. दुसरबीडच्या या शाळेत त्या नव्याने आल्या, तेव्हा पहिलीची पोरं मुक्यासारखी बसत. सरकारी पुस्तकातली भाषा त्यांच्या घरात कुणी बोलतच नव्हतं. मग बाई हजेरी झाली की एकेकाचं नाक पुसत विचारायच्या, "काल घरी काय झालं रे?" पोर बोलेल तसं फळ्यावर उतरायचं, त्याच्या नावासकट. त्याचंच पुढे हे पुस्तक झालं. वऱ्हाडी बोलीतलं वाचनपुस्तक तोवर तालुक्यात कुणी केलं नव्हतं.

"शाळेत बी 'मले' अन् 'काऊन'च शिकवता?" भिंतीजवळून राखी कडाडली. तिची मुलगी यंदा पहिलीत होती. "पुण्यात कामाले होती तं 'मले' म्हनलं का शेजारनी तोंडाले पदर लावून हासत. माह्या पोरीले तसं कोनी हासू नाई पाह्यजे."

"आधी वाचायले तं लागू दे तिले. पुण्याची भाषा मंग येते."

"तुमाले बोलाले सोपं हाय, बाई!"

मागून कुणीतरी हळूच 'ब्यॅऽ' केलं. हशा पिकला. हिंमतरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"आयकलं? 'हिंमतची बकरी मेली. हिंमत लई रडला. जेवला नाई.' सारं गाव ह्या पाठावर वाचाले शिकलं. स्टँडवर उभा राह्यलो का पोट्टे ब्यॅ ब्यॅ करतात. माह्या लग्नात सोयऱ्यांसमोर पाठ म्हनला लोकाइनं! आता माही बी पोरगी पहिलीत जाऊन राह्यली. तिनं बापाचं रडनं वर्गात वाचावं का?"

बाई थबकल्या. नाव छापलं की पोराचा मान होतो, असंच त्या आजवर धरून चालल्या होत्या.

"नाव बदलते मी."

"बदलून का होते? गावाले तोंडपाठ हाय."

"तूच सांगतलं होतं, हिंमत. माह्या मांडीवर बसून."

"तुमाले सांगतलं होतं, बाई. गावाले नाई."

कुणी हसलं नाही. मुख्याध्यापक खाकरले. "पुस्तक बंद करायचं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही, हिंमतरावांचाही नाही. खोलीतल्या बहुतेकांनी अक्षरं गिरवली होती ती याच बाईंच्या हाताखाली. राखीसुद्धा पदराचं टोक पिळत खाली बघत राहिली.

रेणुकाबाईंनी चष्मा सारखा केला. मग त्यांनी हात वर केला. कोपर न वाकवता, बोटं जुळवून, पहिलीच्या पोरांना शिकवायच्या तसा.

त्यानंतर एकेक हात वर गेला. सगळ्यात शेवटी हिंमतरावांचा, मान खाली घालून.