शोभेची गल्ली

आमच्या गल्लीतली झाडं बघायला लोक लांबून येतात आणि मान वर करून चालतात. तेच बरं. खाली बघितलं तर आम्ही दिसतो.

गल्लीच्या मध्यावर, सगळ्यात मोठ्या झाडाखाली एक लोखंडी बाक होता. दुपारी घरोघरच्या स्वयंपाकवाल्या तिथे डबा खायच्या, खिदळायच्या. एवढंच त्यांचं पाप. पण आमच्या ह्यांना, म्हणजे गल्लीच्या समितीच्या अध्यक्षांना, ते खुपायला लागलं. बैठक आमच्याच घरी भरली. "गल्लीची शोभा जाते हो," निवृत्त न्यायाधीश म्हणाले. तेवढ्यात त्यांचं बिस्किट चहात पडलं, ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं. शोभा म्हणे! आणि तो चहा केला कोणी? त्याच बाकावर बसणाऱ्या आमच्या स्वयंपाकवालीने.

बाक गेला. झाडाच्या कट्ट्यावर कोणी टेकू नये म्हणून सिमेंटात टोकदार दगड बसवले.

सासूबाईंची धाकटी बहीण गल्लीच्या टोकाला राहते, अंथरुणाला खिळलेली. सासूबाई रोज संध्याकाळी तिची वेणी घालायला जायच्या. अर्ध्या वाटेत बाकावर दम खायचा, मग पुढे. बाक गेला आणि त्यांचं जाणंच संपलं. "गुडघे दुखतात," एवढंच त्या लेकाला सांगायच्या. पोटच्या पोराला बोल कसा लावणार? मी ह्यांच्याशी बोलायला गेले तर सासूबाईंनी मलाच गप्प केलं.

मग एक दिवस बहिणीचा फोन आला. "ताई, केसांच्या जटा झाल्यात गं. उद्या सगळे कापून टाकणार आहेत. एकदा ये ना."

सासूबाईंनी चपला घातल्या. मी सोबत निघाले. झाडापाशी पोचलो आणि त्यांचा श्वास लागला, तोंड पांढरं पडलं. टेकायचं कुठे, त्या दगडांवर? समोरून आमची स्वयंपाकवाली येत होती. तिने इकडेतिकडे बघितलं, कुंपणाच्या झुडपात हात घातला आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल ओढून काढलं.

"बसा आजी. आमचंच आहे, लपवून ठेवतो."

मी पाणी मागायला शेजारच्या फाटकात शिरले. तेवढ्यात आमची गाडी आली. सासूबाई रस्त्याकडे पाठ करून, डोक्यावरून शाल घेऊन बसलेल्या. कर्कश हॉर्न वाजला, काच खाली झाली.

"ए, उठ! इथे बसायचं नाही, किती वेळा सांगायचं तुम्हां लोकांना?"

सासूबाईंनी मान वळवली. "उठते रे बाबा. जरा दम खाऊ दे."

ह्यांचा चेहरा एकदम उतरला. "आई, तू? मला वाटलं..."

"काय वाटलं ते ऐकलं मी."

धावत येऊन पाया पडेल असं वाटलं होतं मला. पण हा माणूस गाडीतून उतरला आणि स्वयंपाकवालीवर खेकसला, "हे स्टूल इथे कोणी ठेवलं?" शी! ह्याच्याशी संसार केला मी, ह्याची किळस आली मला. सासूबाई गाडीत बसल्या नाहीत. एका हाताने मला, दुसऱ्याने स्वयंपाकवालीला धरून चालत गेल्या. बहिणीचा गुंता सोडवून वेणी घातली, केस वाचले.

काही दिवसांनी बाक परत आला. नवाकोरा, वर पितळी पाटी: 'फक्त ज्येष्ठ रहिवाशांसाठी'. अध्यक्ष आईला मोठ्या हौसेने दाखवायला घेऊन आले. न्यायाधीशही होते, टाळ्या वाजवायला.

सासूबाईंनी पाटी वाचली. मग कुंपणाशी गेल्या, झुडपातून स्टूल काढलं आणि बाकासमोरच मांडून बसल्या.

"आई, काय हे! लोक बघतायत."

"बघू देत," त्या म्हणाल्या. "शोभा जात असेल तर मलाही उचलून टाक."