अंगणातली पांढरी पिकअप

हरणं बघायची दुर्बीण मर्ल हॉलेनबॅक हल्ली शेजाऱ्यांवर रोखू लागला होता. सकाळचं दूध काढून झालं, की बूटसुद्धा न काढता हा गडी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा. डोंगरापलीकडे गॅसच्या विहिरीचा मनोरा उभा राहिल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पाइपांचे ट्रक कोणत्या वळणावर वळले, मोजणीवाल्यांनी गुलाबी फिती कुणाच्या बांधावर बांधल्या, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"आली," तो म्हणाला. "पांढरी पिकअप. आयडा व्हीलॉकच्या अंगणात. परत."

"मग?" त्याची बायको डोरीन तव्यावरची अंडी उलटत म्हणाली. "म्हातारीनं कुणाला कॉफी पाजायचीच नाही का?"

"गॅस कंपनीच्या माणसाला? तिनं सही ठोकलीय, लिहून ठेव."

"लिहिते. तू आधी ती दुर्बीण ठेव आणि जेव. अंडी गार होतायत."

पेनसिल्व्हानियाच्या त्या खोऱ्यात कुणी कुणाची खबर विचारत नसे. ते काम दारात उभ्या गाड्या करत. ढोरांच्या डॉक्टरची गाडी दिसली, की कुणाची तरी गाय अडलीय. पाद्रीबुवांची दिसली, की कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. वर्षानुवर्षं लोक असंच वाचत आले होते आणि ते वाचन सहसा चुकत नसे.

आणि आता ही पांढरी पिकअप. गेल्या हिवाळ्यात सगळे जमीनवाले शेतकऱ्यांच्या ग्रेंज हॉलमध्ये जमले होते आणि त्यांनी एकमेकांना शब्द दिला होता. जमिनीखालच्या खडकातला गॅस काढायचा तर काढा, पण झऱ्यांजवळ खोदणार नाही असं करारात येईपर्यंत कुणी एकट्यानं सही करायची नाही. मर्लची गुरं आणि त्याचं घर एकाच झऱ्यावर जगत होतं. तो नासला असता, तर गोठ्याला कुलूप लावायची वेळ आली असती. पण दुसरी भीतीही होती. शेजाऱ्यानं सही केली, तर त्याच्या विहिरीतून आपल्याखालचाही गॅस जाईल आणि आपण हात चोळत बसू, असं जो तो बोलत होता.

मर्लनं आपला संशय पेंड-खाद्याच्या दुकानात कायम ठाण मांडून बसणाऱ्या फ्लॉइडच्या कानात घातला. फ्लॉइडच्या कानात घातलं, की खोऱ्यात दवंडी पिटायला वेगळा माणूस लागत नसे.

शनिवारी ग्रेंज हॉलमध्ये जेवण होतं. प्रत्येक घरून एकेक पदार्थ यायचा. आयडानं नेहमीसारखे हॅम घालून दुधात भाजलेले बटाटे आणले होते. एरवी सगळ्यात आधी तेच भांडं खरवडून रिकामं होई. त्या दिवशी माणसं ताट घेऊन येत आणि त्या भांड्यापाशी जणू वाट वळल्यासारखी पुढे जात. मर्लनंही ताट बटाट्यांवरून थेट बीन्सकडे नेलं. एकट्या डोरीननं बटाटे घसघशीत वाढून घेतले. जेवण उरकल्यावर आयडानं भरल्या भांड्यावर फडकं टाकलं आणि कुणाशी न बोलता ती निघून गेली.

"लाज नाही वाटली?" गाडीत डोरीननं विचारलं.

"तिला वाटली का?"



रविवारी संध्याकाळी कंपनीचा तो माणूस मर्लच्या गोठ्यात आला. तरणा, गोड बोलणारा.

"आयडाबाईंनी सही केली का?" मर्लनं सरळच विचारलं.

"दुसऱ्यांचं मी काही बोलू शकत नाही, साहेब." तो हसला. "पण तुम्हाला डोळे आहेत. एवढंच सांगतो, शेवटी राहू नका."

"झऱ्याचं काय?"

"ते नंतर बघता येईल."

मर्लनं म्हशीसारख्या सुस्त उभ्या गाईच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "मंगळवारी कागद घेऊन ये."

सोमवारी तो पेंड आणायला निघाला. वाटेत समोरून येणाऱ्या एकानंही स्टिअरिंगवरचं बोट उचलून रामराम केला नाही. दुकानात शिरला तशी चालू बोलणी थांबली. फ्लॉइड शेगडीजवळच्या खुर्चीवर पाय पसरून बसला होता. तो काही सरकला नाही.

"काय झालं रे?"

"तू सांग," फ्लॉइड म्हणाला. "काल सकाळी पांढरी पिकअप तुझ्या अंगणात होती. चांगली तासभर."

"काल सकाळी? आम्ही चर्चमध्ये होतो! घरी कुणी नव्हतं."

"मग तो काय तुझ्या गाईंशी बोलत होता? सही तुझ्या कुत्र्यानं केली का?"

सगळे हसले. मर्ल मात्र हसला नाही. मोकळ्या घरासमोर तासभर गाडी लावून माणूस काय करतो? काही करत नाही. नुसता दिसतो! त्याचं तेवढंच काम होतं.

पेंड तिथेच टाकून तो थेट आयडाच्या दारात गेला. खिडकीतून रोज दिसणाऱ्या त्या अंगणात त्याचं पाऊल कैक महिन्यांत पडलं नव्हतं.

"आयडाबाई, तो कंपनीचा माणूस इथे कशाला येतो?"

"फोनला रेंज मिळते म्हणाला, या चढावर. म्हटलं, लाव बाबा गाडी. ओसरीच्या पुढे मी त्याला येऊ दिलं नाही."

"आणि सही?"

"मी शब्द दिला होता ना?"

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला विचारलं कुणी?" आयडा म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी माझ्या अंगणाला विचारलंत. घरात मी बसले होते, मर्ल."

मर्ल दारातच उभा राहिला. आपल्या खळग्यात तर फोनला रेंजच नसते, म्हणजे काल तो रेंजसाठी थांबलाच नव्हता, हे त्याला तेव्हा उमगलं. त्या गाडीनं काल त्याच्याबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि उद्या सही करून तो ते स्वतः खरं करणार होता.

"बटाटे उरलेत का?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"जवळजवळ सगळेच उरलेत," आयडा म्हणाली. तिनं ते गरमही केले नाहीत. त्यानं उभ्यानं, गारच खाल्ले.

मग तो फ्लॉइडकडे परत गेला. आयडानं शब्द पाळलाय, आपणही एकट्यानं सही करणार नाही आणि ती गाडी नुसती दिसायला उभी राहते, हे त्यानं सांगितलं, आणि ते संध्याकाळच्या आत खोरंभर पोचलं.

मंगळवारी पांढरी पिकअप चढावर आली आणि मंदावली. आयडाचं अंगण गच्च भरलं होतं. हिरवी, तांबडी, गंजकी, खताचे शिंतोडे उडालेली, खोऱ्यातली जवळजवळ प्रत्येक पिकअप तिथे उभी होती. पांढऱ्या पिकअपला टेकायला वीतभर जागा नव्हती. ओसरीवर कॉफी चालली होती. मर्लनं स्टिअरिंगवरल्यासारखं एक बोट उचललं. गाडी न थांबता निघून गेली.

पुढे सगळे मिळून सही करतील किंवा करणार नाहीत. पण जे करतील ते एकमेकांना विचारून करतील. वाचकहो, आपल्या गावातही अशी गाडी कुणाच्या तरी दारात उभी असेल. खिडकीतून निवाडा करण्याआधी चार पावलं चालून ते दार वाजवा. माणूस आत असतो.