दोन डाव्या बाह्या

हायस्कूल सुरू व्हायला दोन दिवस उरले आणि घरात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडायला लागला. बाबा म्हणाले, पहिल्या बाकावर बस. आई म्हणाली, डबा संपव. मावसभावाने तर कहरच केला. "पहिला आठवडाभर तोंड उघडू नकोस, लोक आपोआप हुशार समजतात." तो स्वतः अखंड बडबडायचा, त्यामुळे हा प्रयोग त्याच्यावर कधी झालाच नव्हता.

पुटपुटी सगळ्यांपुढे मान डोलवत होती. हे तिचं घरातलं नाव, कारण ती बोलायची ओठांतल्या ओठांत. मनात मात्र एकच धास्ती. दोन वर्षांपूर्वी गणिताच्या तासाला तिने एक शंका विचारली आणि अख्खा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून तिचा हात वर गेला नव्हता. अर्धंमुर्धं समजलेलं तसंच रेटत ती इथवर आली होती. हायस्कूलमध्ये हे निभणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि विचारायची आपल्यात हिंमत नाही हेही.

सल्ला दिला नाही तो एकट्या आत्याने. तिचं खालच्या मजल्यावर शिवणकामाचं दुकान. तीस वर्षं कात्री चालवणारी बाई! गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तिला माप कळायचं. टेप लावायची ती केवळ त्याच्या समाधानासाठी. पुटपुटीचा शाळेचा शर्ट अर्थातच तीच शिवणार होती.

त्या दुपारी पुटपुटी स्टुलावर बसून बघत होती. दोन गिऱ्हाइकं बाकावर ताटकळत होती, मशीनवर दोन मुली शिवत होत्या. आत्याने कापलेल्या बाह्या एकमेकींवर ठेवल्या आणि ती थबकली. शर्टाच्या कापडाची सुलट बाजू गडद निळी, उलट बाजू फिकट. असं कापड सुलट बाजूला सुलट बाजू लावून दुहेरी अंथरायचं, तरच एक बाही उजवी आणि एक डावी निघते. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी हे बजावणारी आत्या आज स्वतःच विसरली होती.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाह्या गुपचूप कपाटात सारता आल्या असत्या. पुटपुटीने तेच केलं असतं. आत्याने त्या दोन्ही हातांनी उंच धरल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं बाई, बघा तरी! मी पोरीच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या!"

दुकान खदखदून हसलं. "काय हो बाई, भाचीला उजवा हात नाही का?" एका गिऱ्हाइकाने विचारलं. सगळ्यांत मोठ्याने आत्याच हसली. मग मशिनी पुन्हा सुरू झाल्या आणि सगळे आपापल्या कामाला लागले. पुटपुटीचे कान मात्र आत्याच्या वतीने लाल झाले होते.

तसलं कापड आठवडाभर मिळणार नव्हतं. आत्या पुटपुटीला घेऊन सरळ समोरच्या दुकानात गेली. तिथला शिंपी तिच्या निम्म्या वयाचा. "मला सुचत नाहीये रे. तू असतास तर ही बाही कशी वाचवली असतीस?" तिने विचारलं. तो आधी चपापला, मग इतका खुलला की खडू घेऊन उठलाच. एका बाहीचा खांद्याकडचा गोल उजव्या बाहीसारखा पुन्हा कापायचा आणि कमी पडेल तिथे उरलेल्या तुकड्याचा जोड द्यायचा, तोही काखेत. आत्या शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐकत होती, मध्येच "थांब, हे परत सांग" म्हणत होती. पुटपुटी बघतच राहिली. आत्या तिला आवडायची तर नेहमीच, पण एवढी मोठी ती कधी दिसली नव्हती.

रस्ता ओलांडताना तिने विचारलं, "आत्या, तुला लाज नाही वाटली?"

"वाटली की! चांगली सणसणीत वाटली," आत्या म्हणाली. "पण म्हणून तुला दोन डाव्या बाह्या घालून शाळेत पाठवू?"

दुसऱ्या दिवशी शर्ट तयार झाला. "उजव्या काखेत जोड आहे. हात खाली असेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. वर केलास तर दिसेल," आत्याने सांगितलं.

"मग मी हात वर करणारच नाही," पुटपुटी चटकन म्हणाली. तिला जरा हायसंच वाटलं होतं.

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "शर्ट तुझा, हात तुझा."

पहिला तास गणिताचाच निघाला. सरांनी फळाभर गणित सोडवलं आणि विचारलं, "समजलं?" सगळ्या माना हलल्या. पुटपुटीचीही हलणार होती. तेवढ्यात तिला त्या दोन बाह्या आठवल्या, आत्याने सगळ्यांसमोर उंच धरलेल्या. तिने उजवा हात वर केला.

"ए, हिच्या शर्टाला ठिगळ आहे!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. दुकानात हसले होते तेवढाच वेळ हसला. हात मात्र सर "बोल" म्हणेपर्यंत वरच होता.

"सर, तिसरी ओळ मला कळली नाही," पुटपुटी म्हणाली, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.